सीआर, एलएफ आणि गॅरी किल्डॉल: न दिसणाऱ्या एका अक्षराची गोष्ट

आजचा विषय आहे टेक्स्ट फाइलमधल्या ओळीचा शेवट. ऐकायला अगदी एवढासा वाटतो. पण याच एवढ्याशा गोष्टीमुळे आमच्या भागातल्या काही घरांत ऐन दिवाळीच्या तोंडावर दुधाचा पगार दोन दिवस उशिरा पोहोचला होता. चूक माझी होती. ती कुठून आली हे शोधत गेलो आणि थेट १९७४ सालात, गॅरी किल्डॉल नावाच्या माणसापाशी पोहोचलो. आज आपण वापरतो त्या पीसीच्या पायात या माणसाचं काम पुरलेलं आहे. त्याचं नाव मात्र इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मी एकदाही ऐकलं नव्हतं. म्हणून ओळीच्या शेवटाची गोष्ट त्याच्या आयुष्याबरोबरच सांगतो.

आधी माझी चूक

मी श्रीरामपूरचा. नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण बरेचसे दिवस काम घरूनच चालतं. जवळच्या गावातल्या एका दूध संकलन केंद्राने मला एक छोटी मदत मागितली. दर दहा दिवसांनी सभासदांच्या दुधाचा हिशेब होतो आणि पैसे बँक खात्यात जातात. त्यासाठी बँकेला द्यायची यादी तयार करायची होती. एका फाइलमध्ये सभासद क्रमांक, नाव आणि शेवटी खाते क्रमांक. दुसऱ्या फाइलमध्ये बँकेने तपासून दिलेले खाते क्रमांक. दोन्ही जुळले की पैसे पाठवायच्या यादीत नाव, नाही जुळले की वेगळ्या यादीत. मी लिनक्सवर एक शेल स्क्रिप्ट लिहिली. तीन-चार महिने सगळं सुरळीत चाललं.

मग केंद्राची दुसरी शाखा सुरू झाली. तिथल्या सभासदांची यादी विंडोजच्या कॉम्प्युटरवर तयार होऊन माझ्याकडे आली. मी ती जुन्या यादीला खाली जोडली आणि स्क्रिप्ट चालवली. नव्या शाखेची सगळीच्या सगळी नावं न जुळलेल्या यादीत गेली. मला वाटलं, सभासद नवीन आहेत, बँकेची तपासणी बाकी असेल. मी पुढे काही पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या चुलत्यांचा, अप्पांचा फोन आला. त्यांचं दूध नव्या शाखेत जातं. शेजारच्या गावातल्यांचे पैसे आले आणि आमचेच का नाही, असं ते विचारत होते. पेंडवाल्याला त्यांनी त्याच दिवसाचा वायदा केला होता. आवाजात राग नव्हता, पण संकोच होता, आणि तोच मला जास्त लागला. त्यांना वाटत होतं की कागदपत्रांत त्यांचंच काहीतरी चुकलं असणार.

मी फाइल उघडली. अप्पांचा खाते क्रमांक बरोबर. बँकेच्या यादीतलाही बरोबर. एकाखाली एक ठेवून अंक मोजले, तरी सारखेच. स्क्रिप्ट मात्र म्हणते, जुळत नाही. मग मी तिला चुकीचा संदेश स्क्रीनवर छापायला लावला: आधी खाते क्रमांक आणि त्यापुढे सापडला नाही असे शब्द. छापून आलं ते विचित्रच होतं. शब्द ओळीच्या सुरुवातीलाच येऊन बसले होते आणि खाते क्रमांकाचे पहिले अंक त्यांच्याखाली झाकले गेले होते. जणू कोणीतरी लिहिता लिहिता पेन उचलून पुन्हा समासापाशी नेलं आणि आधीच्या मजकुरावरच गिरवलं.

फाइलमधली न दिसणारी अक्षरं दाखवणारा कमांड वापरला तेव्हा उलगडा झाला. नव्या शाखेच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक टोपी आणि इंग्रजी एम दिसत होता. हा एम म्हणजे कंट्रोल-एम. इंग्रजी मुळाक्षरांत एम तेरावा, आणि आस्की या अक्षरसंचात १३ क्रमांक आहे कॅरेज रिटर्नचा, म्हणजे सीआरचा. तर अप्पांचा खाते क्रमांक माझ्या स्क्रिप्टच्या दृष्टीने एका अक्षराने लांब होता.

दोन अक्षरं आली कुठून?

ज्यांनी जुन्या टाइपरायटरवर टायपिंगचा क्लास केला असेल त्यांना हे लगेच समजेल. ओळ संपली की डाव्या हाताने लिव्हर ओढायचा. त्या एका ओढण्यात दोन कामं होतात: कागद धरणारा गाडा पुन्हा ओळीच्या सुरुवातीला जातो आणि कागद एक ओळ वर सरकतो. पहिलं काम म्हणजे कॅरेज रिटर्न, दुसरं लाइन फीड, म्हणजे एलएफ.

टेलिप्रिंटर आला तेव्हा लिव्हर ओढायला माणूस नव्हता. तारेवरून आलेल्या संकेतांवर यंत्र चालायचं, म्हणून दोन कामांना दोन वेगळे संकेत मिळाले. १९६३ मध्ये आस्की ठरलं तेव्हा एलएफला १० आणि सीआरला १३ हे क्रमांक पडले. त्याच काळातलं टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला १० अक्षरं छापायचं. छापणारा भाग उजव्या टोकापासून डावीकडे परत यायला एका अक्षराहून जास्त वेळ लागायचा. म्हणून आधी सीआर पाठवायचा, मग एलएफ. कागद सरकेपर्यंत तो भाग जागेवर पोहोचायचा. क्रम उलटा केला तर पुढचं अक्षर वाटेतच कुठेतरी छापलं जाण्याची शक्यता असायची.

थोडक्यात, ओळीच्या शेवटची ही दोन अक्षरं म्हणजे एका यंत्राच्या चालीची गरज होती. मजकुराच्या अर्थाशी त्यांचा संबंध नव्हता. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सिॲटलचा मुलगा

गॅरी किल्डॉलचा जन्म १९ मे १९४२ चा, अमेरिकेतल्या सिॲटल शहरातला. घरची जहाजविद्येची शाळा होती. खलाशांना आणि अधिकाऱ्यांना दिशा काढायला शिकवणारी ही शाळा त्याच्या आजोबांनी सुरू केलेली. गॅरीला व्हायचं होतं गणिताचा मास्तर. त्यासाठी तो युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये दाखल झाला आणि तिथे कॉम्प्युटरच्या नादी लागला, तो कायमचाच.

तो काळ व्हिएतनाम युद्धाचा. तरुणांना लष्करात जावं लागत होतं. गॅरी नौदलात गेला, पण त्याच्या वाट्याला शिकवणं आलं. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरी इथल्या नौदलाच्या पदव्युत्तर शाळेत तो शिकवू लागला. मास्तर व्हायची इच्छा अशी वाकड्या वाटेने पुरी झाली. १९७२ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली. कंपायलर प्रोग्राम कसा सुधारून देतो यावरचा त्याचा १९७३ चा शोधनिबंध त्या विषयात आजही पायाभूत मानला जातो. डेटा फ्लो ॲनालिसिस हे प्रकरण ज्यांनी परीक्षेपुरतं का होईना वाचलंय, त्यांनी नकळत गॅरीचंच काम वाचलंय.

इंटेलने १९७१ च्या अखेरीस ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आणला. २५ डॉलरमध्ये कॉम्प्युटर मिळतो अशी त्याची जाहिरात गॅरीच्या नजरेला पडली. विद्यापीठातला कॉम्प्युटर खोलीएवढा असायचा त्या दिवसांतली ही गोष्ट. त्याने चिप मिळवली, तिच्यासाठी प्रोग्राम लिहायला लागला आणि पुढे शिकवण्याच्या जोडीला इंटेलमध्ये सल्लागार म्हणून काम करू लागला. इंटेलच्या त्यानंतरच्या ८००८ या चिपसाठी लिहिणं सोपं व्हावं म्हणून त्याने पीएल/एम ही भाषा तयार केली.

शेडमधला कॉम्प्युटर

गॅरीची अडचण साधी होती. छोट्या कॉम्प्युटरवर काम करायचं तर प्रोग्राम कागदी पट्टीवर भोकं पाडून साठवावा लागायचा. पट्टी वाचायला वेळ जायचा, मध्येच फाटायची. शुगार्ट कंपनीने तेव्हा फ्लॉपी ड्राइव्ह आणला होता. त्यांच्याकडून गॅरीला चाचणीत झिजलेला एक ड्राइव्ह मिळाला. पण ड्राइव्ह आणि कॉम्प्युटर यांना जोडणारं सर्किट काही त्याला जमेना. तो सॉफ्टवेअरचा माणूस. शेवटी विद्यापीठातला मित्र जॉन टोरोडी मदतीला आला आणि त्याने ते सर्किट बनवलं.

१९७४ च्या शरद ऋतूत पॅसिफिक ग्रोव्ह या गावात, घरामागच्या शेडमध्ये दोघांनी यंत्र सुरू केलं. कागदी पट्टीवरून प्रोग्राम डिस्कवर चढवला, मग डिस्कवरून कॉम्प्युटर चालू केला, आणि पुढच्या आज्ञेची वाट पाहणारी खूण उमटली. गॅरीने लिहिलेल्या त्या प्रोग्रामचं नाव सीपी/एम. फायली डिस्कवर ठेवायच्या, नावाने शोधायच्या, उघडायच्या, पुसायच्या, हे सगळं छोट्या कॉम्प्युटरवर शक्य करून देणारी ही ऑपरेटिंग सिस्टीम. इंटेलला तिच्यात रस वाटला नाही. मग गॅरी आणि त्याची बायको डोरोथी यांनी आपली कंपनी काढली. तिचं पहिलं नाव इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च, पुढे नुसतं डिजिटल रिसर्च.

आता आपल्या मुद्द्याकडे येऊ. सीपी/एममध्ये टेक्स्ट फाइलची ओळ कशी संपायची? सीआर आणि एलएफ, दोन्ही अक्षरांनी. ही पद्धत गॅरीने शोधलेली नाही. तो ज्या डेक कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरवर काम करायचा, तिथे ती रूढ होती. सीपी/एममधली काही आज्ञांची नावंही तिकडूनच आली. त्यात छोट्या कॉम्प्युटरला जोडलेलं यंत्र बहुतेकदा टेलिटाइपच असायचं. फाइलमध्ये दोन्ही अक्षरं आधीच असली की फाइल जशीच्या तशी छपाई यंत्राकडे ढकलता यायची, मध्ये काही बदलायला नको. सीपी/एम १६ किलोबाइट मेमरीच्या मशीनवर चालायची. मोबाइलवर एखादा फॉरवर्ड आलेला फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. एवढ्याशा जागेत प्रत्येक ओळीमागे एक बाइट डिस्कवर जास्त गेला तरी चालेल, पण मेमरीत जास्तीचा कोड नको, हा हिशेब मला पटतो.

फाइलच्या शेवटाचीही अशीच गोष्ट. सीपी/एम फाइलची लांबी १२८ बाइटच्या ठोकळ्यांत मोजायची. मजकूर ठोकळ्याच्या मध्येच संपला तर तो कुठे संपला हे कळावं म्हणून कंट्रोल-झेड, म्हणजे २६ क्रमांकाचं अक्षर टाकायचे.

गॅरीची खरी मोठी कल्पना

सीपी/एम चालू लागली आणि नवीनच डोकेदुखी सुरू झाली. प्रत्येक कंपनीचा कॉम्प्युटर वेगळा, डिस्कचं सर्किट वेगळं. इम्साय कंपनीच्या मशीनसाठी सीपी/एम बसवायची वेळ आली, आणि प्रत्येक नव्या मशीनसाठी सगळा प्रोग्राम उसवून पुन्हा शिवायचा का, असा प्रश्न गॅरीपुढे उभा राहिला.

त्याने उत्तर काढलं ते असं: मशीनशी थेट बोलणारा भाग बाजूला काढायचा. कळफलकावरून अक्षर घे, स्क्रीनवर अक्षर पाठव, डिस्कचा अमुक भाग वाच, एवढीच मोजकी कामं त्यात ठेवायची. या भागाला त्याने बायोस हे नाव दिलं. नवं मशीन आलं की फक्त बायोस नव्याने लिहायचा, वरचं सगळं तसंच. आपला कॉम्प्युटर सुरू करताना आपण ज्या बायोसचं नाव ऐकतो, ते नाव इथून आलंय.

याचा परिणाम काय झाला? शेकडो वेगवेगळ्या मॉडेलवर एकच सीपी/एम चालू लागली. वर्डस्टारसारखा प्रोग्राम लिहिणाऱ्याला मशीन कुणाचं याची फिकीर उरली नाही. सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर वेगवेगळं विकता येतं ही गोष्ट छोट्या कॉम्प्युटरच्या जगात याच वाटेने रुजली.

आणि इथेच मला गंमत वाटते, थोडं वाईटही वाटतं. मशीनचा फरक मशीनपाशीच अडवावा हे गॅरीला कळलं होतं. ओळीचा शेवट हा तसाच मशीनचा फरक होता. पण तो मात्र फाइलमध्ये राहून गेला.

दुसरी वाट होती. मल्टिक्सने आणि त्यामागून युनिक्सने ती घेतली. फाइलमध्ये फक्त एक अक्षर, एलएफ. त्याचा अर्थ एवढाच की ओळ संपली. टेलिटाइपला सीआरही लागतो ना? मग तो टर्मिनलचा ड्रायव्हर छापताना घालेल, फाइलने त्याची काळजी करू नये. पण युनिक्स ज्या मशीनवर वाढलं ती तेव्हाच्या घरगुती कॉम्प्युटरपेक्षा बरीच मोठी होती. गॅरीला ती चैन नव्हती. ॲपलच्या जुन्या मॅकिंटॉशने तिसरंच केलं, नुसता सीआर ठेवला. २००१ मध्ये युनिक्सवर उभी असलेली मॅक ओएस टेन आली, तेव्हा मॅकही एलएफकडे वळला.

आमच्या श्रीरामपूरच्या रेल्वे स्टेशनवर पाटी आहे बेलापूरची. दौंड-मनमाड मार्गावरून पहिल्यांदा येणारा पाहुणा श्रीरामपूरची पाटी शोधत बसला तर गाडी त्याला घेऊन पुढे जाते. म्हणून आम्ही तिकीट काढायच्या आधीच सांगतो, बेलापूरला उतरा. जागा एकच, नावं दोन. कुठेतरी एकदा कोणीतरी सांगावं लागतं. माझ्या स्क्रिप्टला ते सांगणारं कोणी नव्हतं.

आयबीएम आली आणि गेली

१९८० मध्ये आयबीएमने आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बनवायला घेतला. त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टीम हवी होती, आणि सगळ्यांच्या तोंडी नाव होतं सीपी/एम. आयबीएमची माणसं पॅसिफिक ग्रोव्हला डिजिटल रिसर्चच्या घरवजा कार्यालयात आली. गॅरी त्या सकाळी आपलं विमान घेऊन दुसऱ्या एका ग्राहकाकडे गेला होता. व्यवहाराची बोलणी बहुतेक डोरोथीच करायची. आयबीएमने आधी गुप्ततेच्या करारावर सही मागितली. करार एकतर्फी होता, म्हणून वकिलाच्या सल्ल्याशिवाय सही करायला ती तयार झाली नाही. दुपारी गॅरी परत आल्यावर काय बोलणं झालं याबद्दल दोन्ही बाजूंच्या माणसांनी वेगवेगळं सांगितलंय. व्यवहार जुळला नाही, एवढं खरं.

पुढे या दिवसाची दंतकथा झाली: गॅरी विमान उडवत हिंडत होता आणि म्हणून त्याच्या हातून नशीब निसटलं. चूक कुणाची हे एका वाक्यात सांगता आलं की लोकांना बरं वाटतं. गॅरीला ही गोष्ट शेवटपर्यंत टोचत राहिली.

आयबीएम मग मायक्रोसॉफ्टकडे गेली. मायक्रोसॉफ्टकडे स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम नव्हती. सिॲटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या कंपनीत टिम पॅटरसन या इंजिनिअरने १९८० मध्ये ८०८६ चिपसाठी क्यूडॉस लिहिली होती. सीपी/एमचे प्रोग्राम तिच्यावर सहज आणता यावेत म्हणून आतल्या सेवांची मांडणी त्याने सीपी/एमसारखीच ठेवली होती. मायक्रोसॉफ्टने ती घेतली. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम पीसी जाहीर झाला तेव्हा तिचं नाव पीसी-डॉस झालं होतं.

गॅरीने हरकत घेतल्यावर आयबीएम सीपी/एमही विकायला तयार झाली. पण किंमत ठेवली २४० डॉलर, आणि पीसी-डॉसची होती ४० डॉलर. दुकानात उभा राहिलेला माणूस काय घेईल ते सांगायला नको. सीपी/एमची ती आवृत्ती बाजारात आलीही उशिरा, १९८२ मध्ये.

डॉसने फायलींची मांडणी बदलली. फाइलची लांबी अचूक बाइटमध्ये लिहून ठेवायची सोय केली. म्हणजे कंट्रोल-झेडची गरज संपली, तरी सवय पुढे बरीच वर्षं टिकली. सीआर-एलएफ तर जसंच्या तसं राहिलं. डॉसवरून ते विंडोजमध्ये आलं आणि विंडोजवरून नव्या शाखेच्या कॉम्प्युटरमध्ये. अप्पांच्या खाते क्रमांकामागे लपलेलं ते अक्षर या वाटेने आलं होतं.

उरलेली वर्षं

गॅरी थांबला नाही. १९८५ मध्ये डिजिटल रिसर्चने जेम नावाची चित्रं आणि खिडक्या असलेली प्रणाली काढली. त्याच वर्षी ग्रोलियरचा विश्वकोश सीडी-रॉमवर आला, त्यामागेही त्याचंच काम होतं. ऐंशीच्या दशकात कॉम्प्युटर क्रॉनिकल्स या टीव्ही कार्यक्रमाचा तो सहसूत्रसंचालक होता. त्याचे जुने भाग मी पाहिले. समोरच्याचं यंत्र न्याहाळताना त्याच्या चेहऱ्यावरचं कुतूहल बघण्यासारखं असतं. स्पर्धक कंपन्यांची माणसंही तिथे येत, त्यांनाही तो नीट प्रश्न विचारायचा.

१९९१ मध्ये नोव्हेलने डिजिटल रिसर्च विकत घेतली. गॅरीकडे पैसा होता, विमानं होती. पण दुसऱ्याच्या गोष्टीतलं विनोदी पात्र होऊन राहणं सोपं नसतं. १९९२ मध्ये त्याच्या विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागाचा समारंभ झाला. प्रमुख वक्ते होते बिल गेट्स, ज्यांनी स्वतःचं कॉलेज अर्धवट सोडलं होतं. तिथूनच डॉक्टरेट घेतलेल्या गॅरीला ते फार लागलं, आणि त्याने आठवणी लिहायला घेतल्या. त्या त्याच्या हयातीत पुस्तकरूपाने आल्या नाहीत. पहिला भाग २०१६ मध्ये कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमने घरच्यांच्या परवानगीने लोकांसाठी खुला केला. शेवटच्या वर्षांत दारूने त्याला घेरलं होतं. जुलै १९९४ मध्ये मॉन्टेरीतल्या एका बारमध्ये त्याच्या डोक्याला मार बसला आणि ११ जुलैला तो गेला. वय अवघं ५२.

२०१४ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हच्या त्या जुन्या कार्यालयाबाहेर आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेने गॅरीच्या नावाची पाटी बसवली.

मग आपण काय करायचं?

गॅरीकडून घ्यायचा धडा बायोसचाच आहे: फरक सीमेवर अडवा, आत येऊ देऊ नका. रोजच्या कामात त्याचा अर्थ असा:

१. बाहेरून आलेली कुठलीही टेक्स्ट फाइल आत घेतानाच साफ करा. डॉस-टू-युनिक्स हा छोटा प्रोग्राम सीआर काढून टाकतो. नंतर प्रत्येक ठिकाणी सीआर छाटत बसलात तर एखादी जागा राहतेच.

२. आधी बघा, मग बदला. लिनक्सवर फाइल नावाचा कमांड ओळींचा शेवट कुठल्या प्रकारचा आहे ते सांगतो. व्हीएस कोडमध्ये खाली उजवीकडे एलएफ किंवा सीआरएलएफ असं लिहिलेलं असतं, त्यावर क्लिक करून बदलताही येतं. विंडोजच्या नोटपॅडला नुसता एलएफ २०१८ पर्यंत समजत नव्हता, सगळा मजकूर एका ओळीत दिसायचा. आता समजतो.

३. टीममध्ये काहीजण विंडोजवर आणि काहीजण लिनक्सवर असतील, तर गिटचा नियम प्रोजेक्टमध्येच लिहून ठेवा. त्यासाठी गिटॲट्रिब्यूट्सची फाइल असते. प्रत्येकाच्या मशीनवरच्या सेटिंगच्या भरवशावर राहू नका. नाहीतर एकाच शब्दाचा बदल आणि गिट म्हणतं, सगळी फाइल बदलली.

४. शेल स्क्रिप्टच्या ओळी एलएफनेच संपायला हव्यात. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर चालत नसेल आणि कारण सापडत नसेल, तर पहिला संशय सीआरवर घ्या.

५. सीआर-एलएफ म्हणजे चूकच असं समजू नका. ईमेल आणि वेब यांच्या जुन्या नियमांत ओळ याच जोडीने संपते. तिथून सीआर काढाल तर तिथे बिघडेल. फोटो, झिप अशा फायलींवर तर हा बदल चुकूनही करू नका. त्यांच्यातला १३ क्रमांकाचा बाइट ओळीचा शेवट नसतो, काढला की फाइल खराब.

६. हा सहावा मुद्दा माझ्या चुकीतून आलाय. न जुळलेल्या ओळी गुपचूप बाजूला टाकू नका. माझ्या स्क्रिप्टमध्ये आता न जुळलेल्यांची संख्या मोजली जाते, आणि ती नेहमीपेक्षा जास्त असेल तर यादी बँकेकडे जातच नाही. आधी माणूस बघतो.

त्या दिवशी सीआर काढायला मला एक मिनिटही लागलं नाही. पण बँकेची वेळ टळून गेली होती, मध्ये सुट्टी होती, आणि पैसे तिसऱ्या दिवशी जमा झाले. मी अप्पांकडे जाऊन सांगितलं की त्यांचे कागद बरोबर होते, चुकलं ते माझ्याकडून. एक न दिसणारं अक्षर होतं म्हणून सांगायला लागलो, तर त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, न दिसणारं अक्षर मुळात लिहायचंच कशाला. मग मी त्यांना टाइपरायटरच्या लिव्हरपासून सगळं सांगत बसलो. गॅरीच्या शेडपर्यंत पोहोचलो तेव्हा धारा काढायची वेळ झाली आणि ते उठले. उरलेली गोष्ट पुढच्या खेपेला सांग म्हणाले.

तुमच्याकडे अशी एखादी फाइल अडली असेल, तर आधी तिच्या ओळींचे शेवट बघा. भेटू पुढच्या लेखात!